डोंगळ्यांचा कप्पा आणि माझी डबी

पहिला बोर्ड जिवंत झाला त्या दिवशी मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या गाळ्यातला प्रेस मशीनवरचा माणूस कुणाचा तरी हात गेला असं समजून पळत आला. "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, "दिवा लागला!" त्याने त्या तांदळाएवढ्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत आपल्या मशीनवर गेला. त्याचं तरी काय चुकलं? बेचाळीस वर्षांची बाई, चष्मा डोक्यावर, हातात सोल्डरिंगची गन, आणि नाचतेय. पण मला विचाराल तर पहिला दिवा लागल्यावर ज्याला नाचावंसं वाटत नाही, त्याने हा धंदा करूच नये.

त्याआधी अठरा वर्षं मी पुण्यात गाड्यांच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्स करत होते. मोठी कंपनी, मोठं कॅन्टीन, आणि एक साधा रेझिस्टर बदलायचा तर सात जणांच्या सह्या. सातवी सही होईपर्यंत तो का बदलायचा होता हेच मी विसरलेली असायचे. मग एक दिवस सगळं सोडून माहेरच्या गावी, नाशिकला, परत आले आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सहा माणसांच्या एका स्टार्टअपमध्ये रुजू झाले. कार्डावर छापलं होतं, सीनियर हार्डवेअर आणि एम्बेडेड इंजिनिअर. प्रत्यक्षात बोर्ड मीच काढायचा, मीच जोडायचा, त्यात प्रोग्रॅमही मीच भरायचा, आणि गाळ्याचं शटर अडकलं की त्याला तेलही मीच द्यायचं. पण सोमवारी डोक्यात आलेली गोष्ट शुक्रवारी टेबलावर चालताना दिसायची हो! खोटं कशाला बोलू, लग्न ठरलं तेव्हाही मी एवढी खूश नव्हते.

स्टार्टअपचा मालक माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. घोटीकडचा, भातवाल्यांच्या घरातला, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला चिडवायला मालक म्हणायचे. त्याच्या डोक्यात कांदा होता. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे फळ्यांच्या लांब हवेशीर कोठारात, भरला की चार-पाच महिने राहतो. पण आत खाली कुठेतरी एक सडतो, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचे चार, आणि बाहेर कळतं तोवर निम्मा कप्पा गेलेला असतो. आम्ही करत होतो ती साबणाच्या डबीएवढी डबी. चाळीत टांगायची. सडण्याचा वास हवेत वाढायला लागला, की आपल्याला तो येण्याआधीच डबीला कळणार आणि शेतकऱ्याचा मोबाइल वाजणार.

चाचणीला सडका कांदा हवा. कांदा आपणहून सडायला आठवडे लागतात, आणि मला तर चहा उकळेपर्यंतही धीर निघत नाही. म्हणून मी सकाळीच बाजारात गेले आणि कांदेवाल्याला म्हटलं, "दोन किलो सडके द्या." तो भडकलाच. "मॅडम, आपल्याकडे सडका माल नसतो." "अहो, मला सडकाच हवाय." "मग दुसरीकडे बघा!" शेवटी त्याच्या बायकोने गाड्याखालची पाटी पायाने सरकवली आणि हळू आवाजात मला विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?"

ते कांदे मी एका मोठ्या ड्रममध्ये टाकले, वर डबी टांगली, झाकण लावलं. दोन मिनिटांत मोबाइल बोंबलायला लागला. पुन्हा टाकले, पुन्हा बोंबलला. दर वेळी आम्ही सहाही जण टाळ्या वाजवायचो. मालक तर म्हणाला, "ताई, हे नाक नाही, हे कुत्रं आहे!" मी नको नको म्हणत फुशारून गेले.

मग आम्हाला काकू भेटल्या.

काकू सटाण्याच्या अलीकडच्या एका गावातल्या. साठीच्या घरातल्या, ठेंगण्या, आवाज असा की बांधावरून बोलल्या तर रस्त्यावर ऐकू यावं. माझ्याशी मराठी बोलायच्या, चिडल्या की अहिराणीवर यायच्या. त्यांची चाळ लांबलचक, पण त्यांचा जीव शेवटच्या छोट्या कप्प्यात. त्यात डोंगळे असायचे. डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी राखून ठेवलेले कांदे. दिवाळीच्या आगेमागे ते पुन्हा जमिनीत लावायचे, मग त्यांना पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात आणि गोंड्यांत काळं बी धरतं. काकू वीस वर्षं हे कांदे स्वतः एकेक हातात घेऊन निवडत होत्या. रंग गडद, आकार सारखा, मान बारीक. पंचक्रोशीत त्याला काकूंचं बी म्हणायचे, लोक लांबून मागायला यायचे. आणि कांद्याचं बी वर्षभरापलीकडे धड उगवत नाही. एका सालचे डोंगळे गेले, की वीस वर्षांचा वाण गेला. तो बाजारात कुठे विकत मिळायचा नाही.

दुसरी गोष्ट काकूंच्या गुडघ्याची. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगून दोन वर्षं झाली होती. काकू म्हणायच्या, कांदा निघू द्या. कांदा निघाला की म्हणायच्या, डोंगळे लागू द्या. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, मी खाटेवर पडले तर चाळीत वास कोण घेईल? आमच्या घरात बाकीच्यांना देवाने नाक दिलंय ते चष्मा ठेवायला." काका शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

काकूंचं वास घेणं मी पाहिलं होतं. सकाळी चाळीच्या या टोकाला शिरायच्या, लंगडत त्या टोकापर्यंत जायच्या, बाहेर पडून बांधावरच्या निंबाखाली वाऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ नुसत्या उभ्या राहायच्या आणि मग दुसऱ्या टोकाने पुन्हा आत. असं दोन-तीनदा. मला वाटलं, गुडघ्यासाठी व्यायाम सांगितला असेल डॉक्टरांनी.

डोंगळ्यांच्या कप्प्यात डबी टांगली आणि मी छाती पुढे काढून म्हटलं, "काकू, बिनधास्त ऑपरेशन करून घ्या. आता तुमच्या नाकाची जबाबदारी माझी." त्यांनी विचारलं, "खरंच?" "अहो खरंच!" भर पावसाळ्यात, बाकी कोणाचं काही न ऐकणाऱ्या त्या बाईने माझ्या शब्दावर नाशिकला येऊन गुडघा बदलून घेतला, आणि घरी जाऊन खाटेवर पडल्या. सहा आठवडे चाळीकडे जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी रोज सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी, मोबाइलवर काकूंच्या कप्प्याचा आलेख बघायचे. सरळ रेघ. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य, चौथ्या दिवशी शून्य. मालक तो आलेख घेऊन गुंतवणूकदारांना भेटायला पुण्याला गेला. मी काकूंना फोन करायचे, "काकू, सगळं छान आहे हं!" आणि काकू म्हणायच्या, "तू आहेस म्हणून पडून राहायला झालं, बाई." ते ऐकून दिवसभर माझे पाय जमिनीवर नसायचे.

काकूंच्या ऑपरेशनच्या आधीच गाळ्यात मी दुसरी एक चाचणी लावली होती. या वेळी ताजे कांदे. एक क्रेट भरून, ओल्या गोणपाटाखाली, कोपऱ्यात, वर तीन डब्या. बघू या म्हटलं, आपणहून सडायला किती दिवस लागतात. दोन आठवडे झाले तरी तिन्ही डब्या गप्प. म्हणजे कांदे ठणठणीत असणार, असं समजून मी तिकडे फिरकलेही नाही.

चार दिवसांनी मालक पुण्याहून परतला. सकाळचे नऊ वाजलेले. दार उघडलं, एक पाऊल आत टाकलं आणि नाकाला रुमाल लावून तो मागे सरला. "शी! ताई, काय मेलंय इथे?"

"कुठे काय?"

"अहो कुठे काय काय! उलटी होईल मला. तुम्हाला येत नाहीये वास?"

मी छाती भरून श्वास घेतला. काही नाही. बाकीच्यांना विचारलं, त्यांनाही काही नाही. मालक आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तसा बघत होता. मी उठले, कोपऱ्यात गेले आणि गोणपाट उचललं. खाली निम्मे कांदे पाणी होऊन बसले होते. आणि वर तिन्ही डब्यांवर शून्य, शून्य, शून्य.

डोळ्यांसमोर काकूंचा कप्पा उभा राहिला. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच क्षणी मला आनंदही झाला. सापडलं! या धंद्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. चूक सापडते तेव्हा आधी अंगावर काटा येतो, ती कोणाची आहे हे नंतर आठवतं.

ती माझीच होती. डबीला मुळात हवा कळते, पण चांगली हवा म्हणजे कोणती हे कुणीतरी तिला सांगावं लागतं. पुण्यात गाडीच्या आतली हवा तपासायचं एक यंत्र मी केलं होतं. त्यासाठी मी एक युक्ती लिहिली होती. दिवसभरात ज्या वेळी वास सगळ्यात कमी, ती हवा शुद्ध धरायची आणि तिला शून्य म्हणायचं. रोज नव्याने. गाडीत हे झकास चालतं, कारण गाडीचं दार दिवसातून दहा वेळा उघडतं आणि बाहेरची हवा आत येते. तीच युक्ती मी उचलून डबीत घातली. पण पावसाळ्यात चाळीला चारही बाजूंनी पडदे सोडतात. आत शुद्ध हवा येणार कुठून? रोज थोडं सडणार, डबी रोज त्या सडक्या हवेला शून्य म्हणणार, आणि दुसऱ्या दिवशी आणखी थोड्या सडक्या हवेला. आणि मी मूर्ख, धीर नाही म्हणून बाजारातून तयार सडके आणून एकदम टाकत होते! एकदम आलेला वास डबीला कळत होता. हळूहळू आलेला कळत नव्हता. अठरा वर्षं पुण्यात बसून मी दुसऱ्यांच्या चुका काढत नाकाने कांदे सोलले, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये?

मग काकूंचं निंबाखाली उभं राहणं आठवलं. कसला व्यायाम! बाई बाहेरच्या वाऱ्यात जाऊन रोज नाकाचं शून्य लावून येत होती. जे मला अठरा वर्षांत सुचलं नाही ते ती दुखऱ्या गुडघ्याने रोज तीनदा करत होती, माझ्या डोळ्यांसमोर.

मी काकांना फोन लावला. "काका, डोंगळ्यांच्या कप्प्याजवळ जाऊन जरा वास घ्या."

"घ्यायचा काय, मी आठेच बसेल शे," काका म्हणाले. "ती पडली तशी मीच चाळीत खाट टाकली. दहा-अकरा दिवस झाले. काही वास नही ताई, एकदम बेस."

मी कपाळावर हात मारला. रोज त्याच हवेत बसलेली आणखी एक डबी!

मालकाने सगळं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. पुण्यात तो तीच सरळ रेघ दाखवून आला होता. मग म्हणाला, "ताई, तुम्ही इथूनच नवा प्रोग्रॅम पाठवा ना डबीत. रेघ वर गेली की काकांना सांगू, कप्पा उघडा. नेटवर्क गेलं होतं म्हणू मध्ये."

माझं डोकंच सटकलं. "उंटावरून शेळ्या हाकायच्या? ती बाई माझ्या शब्दावर गुडघा कापून घेऊन पडलीय, आणि मी तिला नेटवर्कची थाप मारू? आणि नवा प्रोग्रॅम पाठवला तरी त्याला शून्य कोण सांगणार, तू?" वाईट मुलगा नाही तो, घाबरला होता. मीही घाबरलेच होते, फक्त माझी भीती तोंडातून बाहेर पडते. त्याने गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाला, "चला."

पिंपळगाव गेलं, सोग्रस फाटा गेला, आणि मी आपली टोलच्या पावतीमागे चित्र काढतेय. डबीला एक बारकी नळी, नळीचं दुसरं टोक चाळीबाहेर, मध्ये कॉम्प्युटरमधला असतो तसा चिमुकला पंखा. दर सहा तासांनी डबी बाहेरची हवा ओढून घेणार, शून्य लावणार, मग आतली हवा हुंगणार. एवढं सोपं! भावडबारीच्या घाटात मी मालकाच्या खांद्यावर थाप मारून ओरडले, "पंखासुद्धा लागेल की नाही शंका आहे!" तो म्हणाला, "ताई, वळण आहे." आणि लगेच मला काकूंचा चेहरा आठवला आणि मी ती पावती दुमडून खिशात टाकली.

आम्ही पोचलो तेव्हा काकू खाटेवर होत्या, पाय उशीवर, शेजारी वॉकर. मला बघून खुलल्या. "अगं बाई! चहा टाका रे कोणीतरी." मी म्हटलं, "काकू, चहा नको. आधी ऐका." आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे तुझ्या डबीला सवय झाली?"

"हो."

"घाणीची?"

"हो काकू."

"आणि तुले हे माहीत नव्हतं?"

"माहीत असायला हवं होतं. गाडीत चाललं म्हणून इथे चालेल असं धरून चालले. मी तपासलं नाही. चूक माझीच आहे, दुसऱ्या कोणाची नाही."

मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण काकूंनी पायावरची चादर बाजूला फेकली. "माले उचला."

काका म्हणाले, "अगं, डॉक्टरांनी..."

"डॉक्टरला डोंगळे लावायचे नहीत! उचला म्हणते ना!"

अंगणातली प्लास्टिकची लाल खुर्ची आणली. एका बाजूने काका, एका बाजूने मालक, पाय धरायला मी. चिखलातून काकूंची पालखी चाळीकडे निघाली. थेट आत नाही न्यायचं, म्हणाल्या, आधी निंबाखाली. तिथे खुर्ची टेकवली. त्या डोळे मिटून वाऱ्याकडे तोंड करून बसल्या. मी तोवर चाळीत शिरून डबीला लॅपटॉप जोडला. डबीच्या पोटात मूळ आकडे साठवलेले होते, शून्य लावायच्या आधीचे. ते काढून बघितले. रेघ नऊ दिवस चढत होती. एकदाही खाली आली नव्हती. बाहेर येऊन मी काकूंना तसंच सांगितलं.

खुर्ची आत आणली. काकूंनी दोनदा श्वास घेतला. "येस ना वास! आठे. खालून तिसऱ्या फळीच्या मागे. पडदा काढा." काका पुटपुटले, "मला तर काहीच..." "तुम्ही गप बसा," काकू म्हणाल्या.

पडदा काढला, फळी काढली, आणि काळं पाणी माझ्या बुटांवर आलं. कप्प्याच्या मधोमध सगळं गेलं होतं. वीस वर्षांचं निवडलेलं, आणि मी सगळं छान आहे हं म्हणत होते! मला रडू आवरेना. काकू खेकसल्या, "रडस कसाले? बस खाली. हात चालव."

शेजारच्या चार बायका आल्या. आम्ही सगळ्या ओळीने बसलो आणि मालकाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाट्या वाहायला घेतल्या. कडेचे कोरडे कांदे एकीकडे. सडलेले खड्ड्यात. आणि मधल्या घाणीत भिजलेले, वरून चांगले दिसणारे, तेही खड्ड्यात. लागलेला कांदा ठेवत नाहीत, बायका म्हणाल्या, तोही आज ना उद्या जातोच, आणि जाताना शेजाऱ्याला घेऊन जातो. काकूही आजवर तसंच करत आल्या होत्या. कोरड्यांचा ढीग वाढत नव्हता. दुपारपर्यंत माझ्यासारखीलाही कळलं, की एवढ्याने डोंगळ्यांचं वावर लागायचं नाही. काकू खुर्चीत बसून बघत होत्या आणि त्यांचा आवाज बंद झाला होता. मला तो आवाज हवा होता.

मी मधल्या घाणीतून एक कांदा उचलला. वरचं साल माझ्या बोटांना चिकटून निघून आलं, आणि खाली कांदा कसा, लाल, घट्ट. तरी फेकायलाच निघाले होते.

"थांब. इकडे आण तो."

काकूंनी तो पदराने पुसला. अंगठ्याने मान दाबली. कानाशी धरून हलवला, हुंगला. पुन्हा मान दाबली. मग तो मांडीवर ठेवला. "अजून असा कोणता आहे का त्यात?"

मी शोधला. होता. आणखी होता. मी हातपाय घाणीत घालून शोधायला लागले आणि एकेक काकूंच्या मांडीवर नेऊन ठेवायला लागले. काही त्यांनी दाबून फेकले. बरेच ठेवले. बायका हात थांबवून बघत राहिल्या. त्यातली एक म्हणाली, "आक्का, लागेल कांदा ठेवस?" काकूंनी पुढच्या लागलेल्या कांद्यासाठी हात पुढे केला.

बऱ्याच वेळाने त्या माझ्याकडे वळल्या. "वीस वर्षं मी रंग बघितला. आकार बघितला. मान बघितली. पण टिकतो कोण, हे कधी बघितलंच नाही. जरा वास आला की कप्पा उघडायचा, आजूबाजूचे सगळे काढून टाकायचे. कोणाला सडू दिलंच नाही, तर कळणार कसं? हे बघ. नऊ दिवस सडक्याच्या गळ्यात गळा घालून होता हा. काही झालं नाही त्याला."

मी उडालेच. "काकू! आम्ही बोर्डांना हेच करतो! नवे बोर्ड भट्टीत ठेवतो, दोन-दोन दिवस, तापवून तापवून. कच्चे असतील ते तिथेच मरतात. उरतात तेवढेच पुढे पाठवायचे."

"मुद्दाम?"

"मुद्दाम!"

काकूंनी मांडीवरचा एक कांदा फिरवून बघितला. मग म्हणाल्या, "मला मुद्दाम जमलं नसतं. स्वतःच्या हाताने निवडलेलं असं घाणीत टाकायची छाती झाली नसती माझी, जन्मात. तू मूर्खपणाने केलंस म्हणून झालं."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. चिखलाने भरलेले हात, नाक पुसायची सोय नाही, आणि समोर मालक तोंड उघडं टाकून उभा. काकूंनी मग बायकांना खड्ड्यात टाकलेलेसुद्धा परत उपसायला लावले. प्रत्येक कांदा त्यांच्या हातातून गेला, आणि टिकलेल्यांचा ढीग माझ्यासमोर लागत गेला. गुडघ्याचं कोणाला नाव काढू दिलं नाही.

ऊन उतरायला लागलं तसं त्यांनी काकांना हाक मारली, "ह्यांची भेसळ कोरड्यांत करू नका. ह्यांचंच बी धरायचं. वेगळी पाटी आणा." काका घरात जाऊन एक पाटी घेऊन आले. काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्यासमोरच्या ढिगाकडे बघितलं.

"ही नको," त्या म्हणाल्या. "मोठी आणा."